आधीं सुई, कीं आधीं कर्णा?



तबकडी वाजविणाऱ्या यंत्राचे मुख्य भाग पांच: तबकडी फिरविणारी थाळी, तिजवर झुकणारा दांडा, दांड्याच्या टोंकाशीं सुई धरणारें कार्ट्रिज, आवाज वाढविणारा ॲम्प्लिफायर आणि शेवटीं लाउडस्पीकर. संसारी माणसाजवळ पैसा बेताचाच असतो. सारें एकदम बदलणें त्याच्या आटोक्यांत नसतें. मग आधीं काय बदलावें? २०२२ सालीं अमेरिकेंत तबकड्या सीडींपेक्षां अधिक संख्येनें विकल्या गेल्या. १९८७ नंतर असें प्रथमच घडलें. त्यामुळें अडगळींत पडलेला हा प्रश्न रसिकांपुढें पुन्हां आला आहे. त्याचें उत्तर मात्र कायम एकच राहिलेलें नाहीं. काळाप्रमाणें तें कसें बदलत गेलें, तेंच आज सांगावयाचें आहे.

एमिल बर्लिनर यानें १८८७ सालीं चपट्या तबकडीची कल्पना मांडली. त्याच्या आरंभींच्या यंत्रांची थाळी हातानें फिरवावी लागे. हात मंदावला कीं गाणाऱ्याचा स्वर उतरे. हात घाईस आला कीं स्वर चढे. तेथें कर्णा मोठा करून काय उपयोग? १८९६ सालीं न्यू जर्सींतील कॅम्डन येथील यंत्रकार एल्ड्रिज जॉन्सन यानें त्या यंत्रास स्प्रिंगची मोटर जोडली, आणि खेळण्याचें वाद्य झालें. पहिली मोठी सुधारणा झाली ती गतीची.

१९२५ सालीं ध्वनिमुद्रण विजेच्या साहाय्यानें होऊं लागलें. तबकडींत पूर्वींपेक्षां कितीतरी अधिक नाद सांठूं लागला; पण जुन्या कर्ण्यास तो बाहेर काढतां येईना. त्याच वर्षीं व्हिक्टर कंपनीनें ‘ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला’ हें यंत्र काढलें. त्याचा घड्या घातलेला कर्णा गणितानें आंखलेला होता. या खेपेस मान कर्ण्यास मिळाला.

तिसरी पाळी सुईची. १९४८ सालीं कोलंबिया कंपनीनें मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी लांब तबकडी विक्रीस आणली. जुन्या लाखेच्या तबकडीवर शंभर ग्रॅमांहून अधिक भाराखालीं पोलादी सुई फिरे, व प्रत्येक बाजूस नवी सुई लावावी लागे. नवी तबकडी मऊ व्हिनिलची, तिची खांच बारीक. तिजसाठीं सुईचें टोंक इंचाच्या सहस्रांशाएवढ्या त्रिज्येचें करावें लागलें, आणि दांड्याचा भारही हलका करणें भाग पडलें.

पुढें १९५४ सालीं अमेरिकेंत एडगर व्हिल्चर याच्या ‘अकूस्टिक रिसर्च’ कंपनीनें लहानशा पेटींतून खोल खर्ज देणारा लाउडस्पीकर काढला. १९५८ च्या सुमारास दोन स्पीकरांचें स्टिरिओ आलें, आणि रसिकांचा पैसा स्पीकरांकडे वाहूं लागला. मोजमाप केलें असतां ढोबळ दोष स्पीकरांतच आढळत. म्हणून अधिक खर्च त्यांवरच करावा, असा बहुतेक जाणत्यांचा उपदेश असे. मौज अशी कीं, याच व्हिल्चरनें १९६१ सालीं पट्ट्यानें फिरणारी व स्प्रिंगांवर तोललेली थाळीही बाजारांत आणली.

अशा वेळीं १९७३ सालीं स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं आयव्हर टीफेनब्रन यानें ‘लिन’ कंपनी स्थापिली. तिच्या ‘सोंडेक एलपी १२’ या थाळीसह त्यानें सारा क्रमच उलटा केला. आधीं थाळी, मग दांडा, मग कार्ट्रिज आणि सर्वांच्या शेवटीं स्पीकर, असें त्याचें म्हणणें. मुळांत जें हरवलें, तें पुढील कोणतेंही यंत्र परत आणूं शकत नाहीं, हा त्याचा आधार.

हा आधार पोकळ नव्हता. मिनिटास ३३⅓ फेरे, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. त्यांत थाळी किंचित् अडखळली, तरी तो दोष गाण्यांतच मिसळून जातो. सुईस तो वेगळा काढतां येत नाहीं. शिवाय तबकडी कापतांना खर्ज मुद्दाम कमी ठेवतात, व वाजवितांना ॲम्प्लिफायर तो पुन्हां वाढवितो. त्याबरोबर मोटरची घरघरही वाढते.

तथापि टीफेनब्रन स्वतः थाळ्या विकणारा होता, हें इतिहासाच्या अभ्यासकानें विसरूं नये. १९७२ सालींच जपानांत टेक्निक्सची ‘एसएल-१२००’ ही मोटरनें थेट फिरणारी थाळी निघाली होती. तिची गति इतकी स्थिर होती कीं, ती ज्याच्या घरीं असे, त्यानें आणखी खर्च सुईवर वा स्पीकरांवर करणेंच शहाणपणाचें.

तेव्हां जो भाग त्या त्या वेळीं दुबळा, तोच आधीं सुधारावा, असें इतिहास सांगतो. पण एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. इतर भाग बिघडले, तर आजचें ऐकणें बिघडतें. सुई बिघडली, तर तबकडीच कायमची बिघडते. हें मी महागांत शिकलों. १९८६ सालीं पगारांतून शिल्लक टाकून मीं मोठे स्पीकर आणले. सुई मात्र कित्येक वर्षांची. वडिलांच्या आवडत्या नाट्यगीतांच्या तबकडींतील खरखर त्या स्पीकरांतून अधिकच स्पष्ट ऐकूं आली. मग सुई बदलली. पण खरखर गेली नाहीं. झिजलेल्या सुईनें ती खांचेंतच कोरून ठेवली होती.

म्हणून माझा क्रम असा. आधीं सुई तपासावी. तिचा भार कार्ट्रिज करणाऱ्यानें सांगितल्याइतका, बहुधा दीड ते दोन ग्रॅम, आहे कीं नाहीं, तें छोट्या तराजूवर पाहावें. यास फारसा पैसा लागत नाहीं. मग थाळीची गति व घरघर पाहावी. हीं दोन्हीं ठीक असलीं, म्हणजे स्पीकरांकडे वळावें. स्पीकर उद्यांही घेतां येतील. पण गेलेल्या गवयाची घांसून गेलेली तबकडी पुन्हां कोण भरून देईल?