ग्रामसर्वेक्षण, दख्खनमधील

एखादे गाव निवडून तेथील जमीन, कर्ज, मजुरी व घरखर्च यांची घरोघर माहिती गोळा करण्याची संशोधनपद्धती. महाराष्ट्रात तिचा पाया डॉ. हॅरल्ड मान यांनी घातला. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य असताना त्यांनी सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर या पुण्याजवळच्या गावाची पाहणी केली. तिचा अहवाल १९१७ साली प्रसिद्ध झाला. दुसरी पाहणी ना. वि. कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची होती (१९२१).

मान मूळचे रसायनशास्त्रज्ञ. मातीची प्रत तपासता तपासता ते शेतकऱ्याच्या हिशेबापर्यंत पोहोचले, आणि हेच या कामाचे मोठेपण. जुन्या दप्तरांशी ताळा घालून त्यांनी दाखवले, की पिंपळ्यात १७७१ साली सरासरी ४० एकरांचे असलेले खाते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते. वाटणीत प्रत्येक भावाला प्रत्येक शेताचा हिस्सा मिळे, त्यामुळे जमिनीचे बारीक तुकडे होत गेले. बहुतेक कुटुंबांचा निर्वाह केवळ शेतीवर होत नव्हता. गावच्या दारिद्र्याबद्दलच्या मोघम बोलण्याला येथे प्रथमच आकड्यांचा आधार मिळाला.

पुढे पुण्यात रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी क्षेत्रपाहणी हे संस्थेचे मुख्य काम मानले.