शिरूर गर्भाशय शस्त्रक्रिया प्रकरण

पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासकीय संस्थेत राहणाऱ्या मतिमंद महिलांची गर्भाशये फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. मासिक पाळीतील स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण देण्यात आले. कुठल्या आजारावरचा हा उपचार नव्हता. महिला संघटनांच्या विरोधानंतर शस्त्रक्रिया थांबवल्या गेल्या, पण तोवर अकराजणींवर त्या झाल्या होत्या.

रुग्णाचे हित कोणाच्या सोयीने ठरते, हा यातला कळीचा प्रश्न. पाळीची अडचण मुळात काळजीवाहकांच्या तुटवड्याची आणि शिकवण्यास लागणाऱ्या वेळेची असते. लैंगिक अत्याचाराच्या भीतीचा मुद्दाही पुढे येई. वास्तविक गर्भाशय काढल्याने अत्याचार टळत नाही, फक्त गर्भधारणेचा पुरावा उरत नाही.

सुचिता श्रीवास्तव खटल्यात (२००९) सर्वोच्च न्यायालयाने सौम्य मतिमंदत्व असलेल्या तरुणीचा मातृत्वाचा निर्णय मान्य केला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १० नुसार मुक्त व माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. मात्र समजण्याची क्षमता फारच मर्यादित असेल, तर ही संमती नेमकी कशी ओळखायची, हे त्या कलमात उलगडलेले नाही.