चमचाभर पेनिसिलिनचे मोल

“बाळंतरोगाने गेली,” हे शब्द माझ्या आजीच्या तोंडी वरचेवर येत. कुणाची जाऊ, कुणाची मावसबहीण. नावे निराळी, कारण तेच. बाळंतिणीच्या अंगात जंतू शिरले की वैद्य-डॉक्टरांचे हात टेकत. तो काळ पालटला कसा, हे आपल्या मुली-सुनांना ठाऊक असावे, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी मी पेनिसिलिनचा इतिहास निवडला आहे.

१९२८ सालच्या सप्टेंबरात लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना आपल्या एका काचेच्या बशीत बुरशी धरलेली दिसली. बशीत त्यांनी जंतू वाढविले होते. पण बुरशीच्या भोवतालचे जंतू विरून गेले होते. आपण बुरा आलेली भाकरी टाकून देतो. त्यांनी मात्र ती बुरशी जपून ठेवली. तरीही तिच्यातील औषधी द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे काढणे त्यांना साधले नाही.

ते काम पुढे ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी केले. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले आणि त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. औषध न मिळालेले चारही उंदीर दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेले आढळले.

युद्धाचे दिवस, भांड्यांची टंचाई. तेव्हा रुग्णाला अंथरुणात शौचासाठी देतात त्या भांड्यांत बुरशी वाढविली गेली; नंतर तशाच घाटाची चिनी मातीची भांडी मुद्दाम करवून घेतली. त्यांची देखभाल सहा तरुणी करीत. दह्याचे विरजण सांभाळणाऱ्या आपणां बायकांना त्या कामातील चिकाटी सांगावयास नकोच! रुग्णांवरील चाचण्यांत फ्लोरींच्या पत्नी डॉ. एथेल फ्लोरी यांचा वाटा मोठा होता. पेनिसिलिनच्या रेणूची रचना १९४५ साली उलगडली तीही एका स्त्रीनेच. त्या डोरोथी हॉजकिन. त्यांना १९६४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या एका पोलिसाला हे औषध टोचण्यात आले. जखम चिघळून त्याचा एक डोळा गेला होता. औषधाने ताप उतरला, त्याला भूक लागू लागली. पण साठा संपला! त्याच्या लघवीतून पेनिसिलिन गाळून पुन्हा टोचले, तेही पुरले नाही. मार्चमध्ये तो दगावला. औषध लागू पडले होते. ते पुरेसे नव्हते, एवढेच.

पुढल्याच वर्षी, मार्च १९४२ मध्ये, अमेरिकेत न्यू हेवन येथे अ‍ॅन मिलर ही गर्भपातानंतर रक्तात जंतू शिरून मरणाच्या दारी पोचली होती. कशीबशी मिळविलेली चमचाभर पूड तिच्यासाठी आली. एका रात्रीत ताप उतरला. ती बाई नव्वद वर्षे जगली.

स्वतंत्र भारताने हे औषध आपल्या घरी करावयाचे ठरविले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला, आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले.

आज टंचाई नाही. म्हणूनच भगिनींनो, जपणे अधिक अगत्याचे झाले आहे. पेनिसिलिन जंतूंना मारते. विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दी-पडशावर त्याचा काडीचाही उपयोग नाही. घशातील काही जंतुदोष, उपदंश, तसेच हृदयाच्या झडपा बिघडविणारा संधिज्वर उलटू नये म्हणून ते आजही वापरतात. मात्र काहींना ते मुळीच सोसत नाही. अंगावर पित्त उठते, श्वास कोंडतो, क्वचित जिवावर बेतते. पूर्वी असा त्रास झाला असल्यास तो डॉक्टरांना आधीच सांगावा, आणि औषध घेतल्यावर श्वास कोंडू लागला तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

दुसरे भय जंतूंच्या सरावाचे. मात्रा अपुरी पडली तर जंतू मरण्याऐवजी निर्ढावतात, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारल्यावरच्या व्याख्यानातच दिला होता. तो खरा ठरला. पुष्कळ जंतूंवर आता साधे पेनिसिलिन चालत नाही. आपल्या सरकारनेही २०१६ साली लाल रेषेची मोहीम काढली. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते औषध घ्यावयाचे नाही.

तेव्हा शेजारणीच्या डब्यातील उरलेल्या गोळ्या मागू नयेत, आपल्या देऊ नयेत, आणि डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा, सांगितलेले दिवस, आपल्या मनाने कमी-जास्त करू नयेत. त्या पोलिसाला औषध पुरले नाही, कारण ते जगात नव्हतेच. आपल्या नातवंडांच्या वेळी ते दुकानात असेल, पण गुणच देणार नाही, अशी पाळी आपल्या हातून येऊ नये.