केलोना येथील सार्वजनिक चार्जिंग-केंद्रे आणि वीजविक्रीच्या व्याख्येचा प्रश्न

विजेवर चालणाऱ्या मोटारीचा इतिहास बहुधा बॅटरीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. बॅटरी स्वस्त झाली, तिची क्षमता वाढली आणि मोटार रस्त्यावर आली, असा त्याचा ढोबळ क्रम लावण्यात येतो. सार्वजनिक चार्जिंगच्या इतिहासाला हा क्रम पुरत नाही. रस्त्यालगतच्या खांबाशी मोटार जोडून अर्धा तास थांबणाऱ्या माणसास नेमके काय विकले जाते, वीज, वेळ की गाडी उभी करण्याची जागा, ह्या प्रश्नाचे उत्तर अभियंत्याने नव्हे तर कायद्याने द्यावयाचे असते. आणि कॅनडात ते उत्तर बरेच उशिरा मिळाले. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील केलोना हे मध्यम आकाराचे नगर ह्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे.

ओकानागन सरोवराच्या पूर्वतीरावर वसलेल्या ह्या नगरास 1905 मध्ये नगरपालिकेचा दर्जा मिळाला. 2021 च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या 1,44,576 भरली. प्रांताच्या वीजव्यवस्थेत केलोनाचे स्थान काहीसे विलक्षण आहे. 1952 ते 1972 अशी वीस वर्षे प्रांताचे मुख्यमंत्री असलेले डब्ल्यू. ए. सी. बेनेट हे मूळचे केलोनातील लोखंडी सामानाचे व्यापारी. त्यांच्याच सरकारने 1961 मध्ये बी.सी. इलेक्ट्रिक ही खाजगी कंपनी ताब्यात घेतली आणि 1962 मध्ये बी.सी. हायड्रो ही सरकारी संस्था निर्माण केली. परंतु 1897 मध्ये स्थापन झालेली वेस्ट कूटने पॉवर अँड लाइट ही खाण-उद्योगाच्या मालकीची कंपनी त्या राष्ट्रीयीकरणातून सुटली आणि बेनेट ह्यांचे स्वतःचे गाव तिच्याच विजेवर चालत राहिले. ही कंपनी पुढे 1987 मध्ये अमेरिकन मालकीकडे व 2004 मध्ये फोर्टिस ह्या कॅनेडियन समूहाकडे गेली; आज ती फोर्टिसबीसी ह्या नावाने ओळखली जाते. सरोवरापलीकडील वेस्ट केलोना मात्र बी.सी. हायड्रोच्या क्षेत्रात येते. पूल ओलांडला की वीजकंपनी बदलते. ही गोष्ट रहिवाशांना एरवी फारशी जाणवत नाही. चार्जिंगच्या दरांच्या बाबतीत मात्र ती जाणवण्यासारखी ठरली.

ह्यात आणखी एक घटना ध्यानात घ्यावयास हवी. नगराच्या मध्यभागातील वीजवितरण दीर्घकाळ खुद्द नगरपालिकेकडे होते; ती कंपनीकडून घाऊक वीज घेऊन नागरिकांस विकत असे. 2013 च्या मार्चमध्ये नगरपालिकेने ही सारी यंत्रणा सुमारे 5 कोटी 50 लक्ष डॉलरांस फोर्टिसबीसीला विकली व सुमारे 15,000 ग्राहक कंपनीकडे गेले. प्रांताच्या युटिलिटीज कमिशन कायद्यानुसार मोबदला घेऊन लोकांस वीज पुरविणारा प्रत्येकजण ‘सार्वजनिक सेवा-कंपनी’ ठरतो आणि त्याच्या दरास आयोगाची मान्यता लागते. तथापि आपल्या हद्दीत सेवा देणारी नगरपालिका ह्या व्याख्येतून वगळलेली आहे. म्हणजे, आयोगापुढे न जाता वीज विकण्याची मुभा ज्या संस्थेस होती तिने वीजविक्रीतून अंग काढून घेतले, ते रस्त्यावर विजेच्या मोटारी दिसू लागल्या नेमक्या त्याच सुमारास. तो व्यवहार नगराच्या तिजोरीच्या दृष्टीने विचारात घेतला गेला असणार. चार्जिंगचा विषय त्या वेळी कोणाच्या गणतीत असण्याचे कारण नव्हते.

व्हँकूव्हरहून कोक्विहाला महामार्गाने व 1990 मध्ये खुल्या झालेल्या ओकानागन जोडरस्त्याने केलोनास यावयाचे तर सुमारे 390 किलोमीटर प्रवास पडतो व वाटेत 1,728 मीटर उंचीचा पेनास्क घाट चढावा लागतो. 2011 च्या निसान लीफ मोटारीची एका चार्जमधील अधिकृत मजल अवघी 117 किलोमीटर होती. अशा मोटारीस वाटेत जलद चार्जिंग मिळाले नाही तर केलोना तिच्या आवाक्याबाहेरच राहणार. घरगुती 120 व्होल्टच्या सॉकेटमधून जेमतेम दीड किलोवॅट शक्ती मिळते, 240 व्होल्टच्या दुसऱ्या पातळीच्या केंद्रावर सहा-सात, आणि एकदिश प्रवाहाच्या जलद केंद्रावर त्या काळी 50 किलोवॅट. जलद केंद्रांची जपानी पद्धती ‘शादेमो’ ह्या नावाने ओळखली जाते. त्या नावात, गाडी भरेपर्यंत चहा घ्यावा काय, अशा अर्थाच्या जपानी वाक्याची कोटी साधलेली आहे. त्या चहापुरत्या वेळालाच पुढे किंमत आली.

आरंभीची पुष्कळशी केंद्रे विनामूल्य होती. ह्यास औदार्य वा प्रसिद्धी हे कारण दिले जाते व ते खोटे नाही. पण व्याख्येत ‘मोबदला’ हा शब्द असल्यामुळे फुकट वीज देणारा दुकानदार सेवा-कंपनी ठरत नाही, असा अर्थ लावता येत असे, ही गोष्टही दुर्लक्षिण्यासारखी नाही. पैसे घेऊ इच्छिणाऱ्यापुढे दुसरी अडचण होती ती संघराज्याच्या कायद्याची. कॅनडाच्या वीज व गॅस तपासणी कायद्यान्वये मोजून विकलेल्या विजेसाठी मीटर शासनमान्य व तपासलेला असावा लागतो. आणि एकदिश प्रवाहाच्या जलद केंद्रांसाठी असा मान्य मीटर उपलब्ध नव्हता. घड्याळास मात्र हा कायदा लागू नव्हता. म्हणून विजेचा दर मिनिटांवर आकारण्याची रीत पडली.

ह्या रीतीचा परिणाम आकड्यांनी पाहणे इष्ट होईल. 2018 च्या जानेवारीत आयोगाने फोर्टिसबीसीच्या जलद केंद्रांस अर्ध्या तासास 9 डॉलर हा अंतरिम दर मंजूर केला. मोटारीने अर्धा तास पूर्ण 50 किलोवॅटने वीज घेतली तर 25 किलोवॅट-तास, म्हणजे भारतात ज्यास ‘युनिट’ म्हणतात तशी 25 युनिटे, पदरात पडतात व युनिटास 36 सेंट पडतात. पण हिवाळ्यात थंड पडलेली बॅटरी, किंवा जवळजवळ भरत आलेली बॅटरी, 20 किलोवॅटच घेऊ शकली तर त्याच 9 डॉलरांत 10 युनिटे मिळतात. दर 90 सेंटांवर जातो. जुनी, लहान, स्वस्त मोटार बाळगणाऱ्यास हा दर अधिक जाचक होता, कारण तिचीच वीज घेण्याची गती मंद. रात्री स्वतःच्या गॅरेजमध्ये गाडी जोडणाऱ्यास ह्यातले काहीच सोसावे लागत नव्हते. सार्वजनिक केंद्रावर अवलंबून होता तो प्रवासी आणि सदनिकेत राहणारा भाडेकरू.

हा अंतरिम दर मंजूर करतानाच आयोगाने सार्वजनिक चौकशीही जाहीर केली, आणि प्रकरणाचे खरे महत्त्व तिच्यात आहे. एका कंपनीच्या अर्जातून, हॉटेलवाला, पेट्रोलपंपाचा मालक, गृहसंकुलाचे मंडळ हे सारे वीजकंपन्या ठरतात काय, असा व्यापक प्रश्न उभा राहिला. 2018 च्या नोव्हेंबरमधील पहिल्या अहवालात आयोगाने चार्जिंग ही स्वाभाविक मक्तेदारी नाही असा निष्कर्ष काढला व 2019 मध्ये इतर विक्रेत्यांना नियमनातून बहुतांशी मुक्त केले. (भारताच्या ऊर्जा मंत्रालयाने 2018 च्या एप्रिलमध्ये हीच गाठ निराळ्या रीतीने सोडविली: चार्जिंग ही वीजविक्री नसून सेवा आहे, असा खुलासा करून परवान्याचा प्रश्नच मिटविला. ब्रिटिश कोलंबियाने विक्री ही विक्रीच मानली आणि विक्रेत्यास सूट दिली. कायद्याच्या अभ्यासकास दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक वाटेल.)

मूळच्या वीजकंपन्यांचा प्रश्न ह्याने सुटला नाही, उलट तो अधिक टोकदार झाला. नियमनमुक्त प्रतिस्पर्ध्याशी स्पर्धा करणाऱ्या कंपनीने केंद्रांचा तोटा सर्वसामान्य ग्राहकांच्या बिलात घालावा काय? मोटार नसलेल्या वृद्धेच्या दिव्याच्या बिलातून महामार्गावरील प्रवाशाची वीज भरावी काय? ह्याचे उत्तर अखेर आयोगाने नव्हे तर प्रांतिक सरकारने दिले: 2020 च्या जूनमधील नियमदुरुस्तीने ठराविक अटी पाळणाऱ्या केंद्रांचा खर्च दरांतून वसूल करण्यास कंपन्यांना वाव मिळाला. दरम्यान सरोवराच्या दोन तीरांवरील विसंगती चालूच होती. बी.सी. हायड्रोने 2021 मध्ये मिनिटाचे दर लागू केले. तोवर काही वर्षे तिची जलद केंद्रे विनामूल्य होती आणि फोर्टिसबीसीची सशुल्क. बेनेट ह्यांच्या काळात आखली गेलेली सीमारेषा अशा रीतीने साठ वर्षांनी मोटारचालकाच्या खिशात उमटली.

मिनिटाची जागा युनिटाने घेण्यास 2023 साल उजाडावे लागले. त्या वर्षी मेझरमेंट कॅनडा ह्या संघराज्याच्या मापनसंस्थेने जलद केंद्रांना, विशिष्ट अटींवर, किलोवॅट-तासांनी आकारणी करण्याची सवलत दिली आणि त्यानंतर बी.सी. हायड्रोचे दर 2024 मध्ये ऊर्जेच्या मापावर आले. सवलतीच्या नावातच ‘तात्पुरती’ हा शब्द होता. खांबावरील पाटी बदलली. पण गाडी भरून झाल्यावरही जागा अडवून ठेवणाऱ्याकडून मिनिटागणिक आकार घेण्याची तरतूद बी.सी. हायड्रोच्या नव्या दरपत्रकातही राहिली.