बुजवलेल्या तळ्यांची हकीकत



मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी म्हटले, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काय लिहिणार? फार तर कटाच्या आमटीची कृती देईन. त्यावर त्या म्हणाल्या, "भिशीच्या दिवशी तळ्यावरून एवढ्या तावातावाने बोलता, तेच लिहा की." म्हणून हे धाडस केले आहे. चुकले-माकले पदरात घ्यावे.

आमच्या घरामागे तळे आहे. तळे म्हणावे असे त्यात काही नाही, हे आळीतल्या सर्वांस ठाऊक आहे. एकरभर सखल जागा. मिरगाच्या पावसात भरू लागते, श्रावणात काठोकाठ होते आणि संक्रांतीच्या सुमारास तळाच्या काळ्या मातीला भेगा पडतात. कोणी तिला डबके म्हणतात, कोणी खण. वरच्या अंगाच्या सगळ्या गल्ल्यांचे पाणी तेथे येऊन थांबते. त्यामुळे आमच्या मागल्या भिंतीला ओल असते, डाळी-पिठांना बुरशी धरते, संध्याकाळी डासांनी बसवत नाही आणि दर पावसाळ्यात एखादी दिवड तरी मोरीत निघते. मागल्या वर्षी ही जागा मुरूम टाकून बुजवावी असा अर्ज आळीत फिरला. त्यावर माझीही सही आहे, वरून तिसरी.

सही केली आणि आठवड्याने माहेरी कोल्हापुरास गेले. माझे माहेर शिवाजी पेठेत, वरुणतीर्थ वेशीपाशी. तेथले गांधी मैदान आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले असेल. मुले तेथे खेळतात, मोठमोठ्या सभा होतात. पण पाऊस लागून पडला की मैदानात पाणी साठते. लहानपणी आम्हांला त्याची गंमत वाटे. आजी मात्र खिडकीतून पाहून म्हणायची, "आला बघ वरुण घरी." त्या जागी पूर्वी वरुणतीर्थ नावाचा तलाव होता. तो बुजवून मैदान केले. वेशीला नाव राहिले आणि पाणीही वाट विसरले नाही. इतकी वर्षे आजीचे ते बोलणे मी थट्टाच समजत होते. त्या दिवशी दारात उभी राहून मैदानातले पाणी पाहिले आणि इस्लामपुरात केलेली सही आठवली.

मग मी वडीलधाऱ्यांना विचारू लागले. कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचेच गाव होते. नदी एका बाजूला आणि वस्ती चढ-उतारावर, म्हणून प्रत्येक पेठेला जवळचे पाणी हवे असे. देवळे, वाडे, तटबंदी यांसाठी दगड काढला की खण पडे आणि पावसाने भरे. रंकाळाही मुळात दगडांची खाणच होती असे सांगतात. या पाण्यावर गुरे यायची, धुणी व्हायची, भाद्रपदात बायका गौर घेऊन यायच्या. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळंब्याच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आले. नळ दारात आल्यावर घागर घेऊन तळ्यावर कोण जातो? पाणी भरायचे थांबले, तसा उपसाही थांबला, गाळ साठला, घाण पडू लागली. आणि घाण झालेले तळे कोणालाच नकोसे होते. एकेक करून ती बुजली. कपिलतीर्थाच्या जागी मंडई झाली. तेथे मी आईबरोबर मेथीच्या जुड्या निवडल्या आहेत, पण आपण तळ्यात उभ्या आहोत हे मनातही आले नाही. रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम झाले. आज रंकाळा आणि कोटीतीर्थ एवढी नावे चटकन तोंडी येतात.

ज्यांनी ही तळी बुजवली त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्यांनाही कारण होते. हिवतापाने घरेच्या घरे झोपत असत. तो ताप कशाने येतो हेच आधी कोणास कळत नव्हते. घाणेरड्या हवेने येतो असे समजत. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस या डॉक्टरला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले, तेव्हा डासावर बोट ठेवता आले. मग साठलेल्या पाण्यावर सगळ्यांची नजर गेली. मुंबईत डॉक्टर बेंटले यांनी हिवतापाची पाहणी केली व १९११ साली अहवाल दिला. त्यानंतर तेथे विहिरी झाकण्याचे आणि तळी बुजवण्याचे काम जोराने चालले. मुंबईत गोवालिया टँक आहे, धोबीतलाव आहे, सी. पी. टँक आहे, नावात तलाव आहेत आणि जागेवर थेंब नाही. १९४२ च्या ऑगस्टात 'चले जाव'ची हाक जेथून उठली ते गोवालिया टँक मैदानही मूळचे गुरे धुण्याचे तळेच.

पुण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. नानासाहेब पेशव्यांनी आंबील ओढ्याचे पाणी अडवून पर्वतीच्या पायथ्याशी मोठे तळे करविले. त्यातल्या बेटावर १७८४ साली सवाई माधवरावांच्या काळी गणपती बसला. म्हणून तो 'तळ्यातला गणपती'. गेल्या शतकात तळे गेले आणि सारसबाग झाली; बाग सुंदर आहे, मुलांना घेऊन मीही भेळ खाऊन आले आहे. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याच आंबील ओढ्याला पूर आला, काठच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि माणसे दगावली. तळे असते तर ती वाचली असती असे मी म्हणणार नाही; पुष्कळ घरे तळ्याच्या वरल्या अंगाला होती आणि ओढ्याचे पात्रही ठिकठिकाणी आवळले गेले होते. एवढेच म्हणेन की जुन्या माणसांनी ओढ्याला विसाव्याची जागा ठेवली होती, ती पुढच्यांनी राखली नाही.

तळ्याने महापूर थांबतो असाही कोणी समज करून घेऊ नये. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीस आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या पाण्यापुढे आमचे डबके ते काय! पण गल्लीत पडणाऱ्या पावसाचे तसे नाही. आमच्या धाकट्याने वहीवर हिशेब मांडून दाखविला. गुंठाभर जागेवर एक इंच पाऊस पडला तर अडीच हजार लिटरांवर पाणी होते. पंधरा लिटरांच्या कळशीने भरले तर एकशे सत्तर कळश्या. वरच्या गल्ल्या पाच एकर धरा. एका रात्री चार इंच पडला आणि ते सगळे वाहून आमच्या एकरभर तळ्यात आले, तर तेथे वीस इंच पाणी चढते. म्हणजे गुडघाभर. पूर्वी वरच्या अंगाला रिकामी जागा होती, थोडे तरी मुरायचे. आता घरे, फरशा आणि सिमेंटचे रस्ते झाले. पाणी पडले की धावतेच. त्यात आपली जमीन काळी. एकदा फुगली की पाणी खाली जाऊ देत नाही. तळे बुजवले तर हे गुडघाभर पाणी कोठे जाईल, ते त्या अर्जात लिहिलेले नाही.

कोठे जाईल हे मला ठाऊक आहे, आणि हेच लिहायला जड जाते. २००८ साली आम्ही येथे घर बांधले तेव्हा मामंजींनी तळ्याच्या कडेला बारा ट्रॉल्या मुरूम टाकून जोते उचलले. आमच्या मागून आणखी दोघांनी तसेच केले. पुढल्याच पावसाळ्यात तळ्याच्या खालच्या बाजूच्या खोल्यांत पाणी शिरले. तेथे मोलमजुरी करणारी दोन कुटुंबे राहतात. त्यांतली एक बाई तेव्हा आमच्याकडे भांड्याला येत असे. ती दोन दिवस आली नाही म्हणून मी रागे भरले. तिसऱ्या दिवशी ती ओल्या गोधडीचे गाठोडे डोक्यावर घेऊन आली आणि विचारू लागली, "ताई, गच्चीवर वाळत घालू का?" त्या पाण्याचा आणि आमच्या बारा ट्रॉल्यांचा संबंध असेल हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. तिच्या आले होते की काय, कोण जाणे. ती बोलली मात्र नाही.

डासांचे म्हणाल तर तो त्रास खरा आहे. परंतु डेंग्यूचा डास तळ्यात होत नाही. तो आपल्या घरातल्या साठवणीच्या पाण्यात होतो. आरोग्य केंद्राच्या ताई तपासणीला आल्या, त्यांनी तळ्याकडे बोट दाखविण्याआधी माझ्या न्हाणीघरातला पिंप पाहिला. त्यात वळवळणाऱ्या अळ्या! मेल्याहून मेल्यासारखे झाले. आठवड्याचा कोरडा दिवस पाळायचा हे मी मंडळात दुसऱ्यांना सांगत होते. आता दर शुक्रवारी पिंप उपडा करून घासते. तळ्यासाठी ताईंनी गप्पी मासे दिले. ते अळ्या खातात. मात्र तळे आटले की मरतात, म्हणून काही मासे आम्ही अंगणातल्या हौदात जगवतो आणि मिरगानंतर पुन्हा सोडतो. डास गेले नाहीत, कमी झाले आहेत. ओल आणि दिवड आहेत तशाच आहेत.

दिवाळीनंतर अर्ज ज्यांच्याकडे ठेवला होता त्या पलीकडच्या वहिनींकडे जाऊन मी माझी सही खोडली. वहिनी रागावल्या. त्यांचा नातू श्रावणात काठावरून घसरला होता. हाताला झुडूप लागले म्हणून वाचला. "तुमच्या इतिहासाने माझे पोर सांभाळायचे का?" असे त्या म्हणाल्या. मला उत्तर देता आले नाही.

घरी येऊन यांच्याशी बोलले. तळ्याभोवती तारेचे कुंपण आणि वरच्या बाजूला गाळ काढायला एक फाटक, एवढे करावयाचे ठरविले आहे. भिशीतल्या नऊजणींनी पैसे कबूल केले. आमच्या घराकडून मी दुप्पट धरले आहेत, कारण बारा ट्रॉल्या आमच्या होत्या. वहिनींनी अजून काही कबूल केलेले नाही. पण परवा कुंपणाचे माप घेताना त्या आपणहून बाहेर आल्या आणि फितीचे दुसरे टोक धरून उभ्या राहिल्या.