अतिसार आणि मलपरीक्षा

मलाची परीक्षा हा विषय सभ्य वाचकांपुढें मांडण्यास आपल्याकडे संकोच वाटतो. आपल्या जुन्या वैद्यांस तो वाटत नसे. अतिसाराच्या रोग्याचा मल पाण्यांत टाकावा. बुडाला तर आम, तरंगला तर पक्व समजावा, असें आयुर्वेदाच्या ग्रंथांत स्पष्ट सांगितलें आहे. या परीक्षेनें रोगाची अवस्था कळे. रोग कोठून आला हें मात्र कळत नसे.

तें न कळल्यामुळें पटकीची सांथ आली म्हणजे आपले लोक जरीमरीच्या देवळाकडे धांव घेत, आणि युरोपांतील पंडित दूषित हवेस दोष देत. लंडनांत जॉन स्नो यानें १८५४ सालीं पाण्याकडे बोट दाखविलें. पण निर्णायक पुरावा हिंदुस्थानांतच मिळावयाचा होता. १८८४ सालीं रॉबर्ट कॉख यास कलकत्त्याच्या रोग्यांच्या मलांत जे स्वल्पविरामासारखे वांकडे जंतु दिसले, तेच तेथील एका तळ्याच्या पाण्यांतहि सांपडले. मासुंदा तलावाभोंवतीं वसलेल्या ठाण्यास किंवा काळ्या तलावाच्या कल्याणास या शोधाचा अर्थ निराळा सांगावयास नको. पुढें १८९९ सालीं परळास स्थिरावलेली व १९२५ पासून हाफकिनचें नांव धारण करणारी संस्था ठाण्याहून कांहीं कोसांवरच जंतुशास्त्राचें पीठ होऊन बसली.

सूक्ष्मदर्शकानें आणखी एक गोष्ट शिकविली. ज्या रोगास आपण सरसकट ‘आंव’ म्हणतों, त्याचीं कारणें अनेक. १८७५ सालीं रशियांत लोश यास रोग्याच्या मलांत अमीबा आढळला. १८९७ सालीं जपानांत शिगा यानें एक अगदीं वेगळा जंतु शोधून काढला. एकाचें औषध दुसऱ्यास लागू पडत नाहीं. आणि विषाणूंमुळें होणाऱ्या जुलाबांवर तर जंतुनाशक औषधांचा उपयोगच नाहीं.

आज ठाणें, कल्याण, डोंबिवली येथें प्रयोगशाळांची वाण नाहीं. तरीहि औषधांच्या दुकानांतून ‘जुलाबाची गोळी’ आणून मोकळें होण्याची आपली संवय सुटत नाहीं. प्रत्येक जुलाबास परीक्षा हवी, असें आमचें म्हणणें नाहीं. बहुतेक जुलाब आपोआप थांबतात, आणि मीठसाखरेचें पाणी देण्यास कोणत्याहि अहवालाची वाट पाहूं नये. परंतु मलांत रक्त दिसलें, ताप चढला, अथवा दुखणें लांबलें, तर लाज सोडून, वैद्याच्या सल्ल्यानें, शक्य तर औषध सुरू होण्यापूर्वीं, कोरड्या स्वच्छ बाटलींतून ताजा मल परीक्षेस पाठवावा. त्या परीक्षेनें एका रोग्याचें औषध ठरतें; आणि एकाच चाळींतल्या चार रोग्यांच्या मलांत एकच जंतु निघाला, तर त्या चाळीची पाण्याची टांकी आधीं उघडून पाहावी, हेंहि कळतें.