आभाळातून हत्ती पडले

बंगळूरच्या आग्नेयेला, ३५-३६ किलोमीटरवर आनेकल आहे. कानडीत ‘आने’ म्हणजे हत्ती, ‘कल्लु’ म्हणजे दगड. पण ‘आनेकल्लु’ हा जोडशब्द गारेसाठीही वापरतात. असं गाव उशाला असताना ‘आभाळातून हत्ती पडले’ ही समस्या कुणी घातली, तर शीघ्रकवीचं अर्धं काम झालेलंच!

समस्या म्हणजे अडचण, हा अर्थ मागाहून चिकटला. मुळात समस्या म्हणजे जोडून पुरा करायचा चरण. वात्स्यायनाच्या ६४ कलांच्या यादीत काव्यसमस्यापूरण आहे. एकानं श्लोकाचा शेवट द्यायचा, तोही होता होईल तेवढा अशक्य. दुसऱ्यानं तिथल्या तिथे आधीचे चरण असे रचायचे, की वेडगळ ओळ शहाणी ठरावी.

मराठी माणसाला या खेळाचा सगळ्यांत रंगलेला डाव बंगळुरातच सापडतो. १६३८ साली आदिलशाही फौजेनं हे ठाणं घेतलं आणि ते शहाजीराजांकडे आलं. त्यांच्या दरबारी जयराम पिंड्ये आला तो १२ नारळ घेऊन. राजांपुढे ते मांडून म्हणाला, मी १२ भाषांत कविता करतो. (आजच्या बायोडेटापेक्षा ही रीत बरी; निदान खोबरं तरी हाती लागतं.) मग मंडळींनी समस्या घालायच्या आणि यानं पुऱ्या करायच्या, संस्कृत, मराठी, हिंदुस्तानी, कानडीतसुद्धा. हे सगळं त्यानं ‘राधामाधवविलासचंपू’त नोंदवून ठेवलं, वि. का. राजवाड्यांनी १९२२ मध्ये तो छापला.

गावात हीच खोड निराळ्या वेशात दिसते. कलगी-तुऱ्याच्या फडात कलगीवाले शाहीर शक्तीला थोर म्हणतात, तुरेवाले शिवाला, आणि रात्रभर डफावर एकमेकांना कूट घालतात. उत्तर कर्नाटकात त्यांचे भाऊबंद हरदेशी-नागेशी. दरबारात चुकलं तर बिदागी बुडते. फडात चुकलं तर गाव वर्षभर हसतं. आयर्लंडात कवीच्या टोचऱ्या ओळीनं राजाच्या तोंडावर फोड उठतात अशी जुनी समजूत होती. आपल्याकडे फोड न उठताही तोंड लपवावं लागतं.

तर आनेकलची समस्या. जयरामपंतांची क्षमा मागून:

वळिवाच्या पहिल्या सरीला आंबे अंगणी झडले,
शेजारीण ओरडे ‘आनेकल्लु!’, पोर घरचे गडबडले;
अर्धे कानडी कळले त्याला, आईपाशी ते रडले,
‘दार लाव गं आई, आभाळातून हत्ती पडले!’